कावळा आणि फांदी

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, म्हणजे फांदी आंतून वाळली होती काय, हें कोणी पाहत नाहीं. सारे कावळ्यावर तुटून पडतात. काकतालीय न्यायाचा हा अर्थ आम्हीं मास्तरकीच्या साऱ्या काळांत मुलांस शिकविला. पण तो आमचा आम्हांस कळावयास साठी उलटावी लागली.

परभणी जिल्ह्यांत गंगाखेडास आमचें एकत्र कुटुंब राहतें. माजघराशेजारच्या खोलींत सर्वांत मिळून एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर वडिलांच्या हातच्या पोथ्यांचीं छायाचित्रें आणि आमच्या कैलासवासी पत्नीच्या आवाजांतील भूपाळ्या सांठविल्या होत्या. तो आवाज दुसरीकडे कोठेंहि नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमची नित्याची मोफत डागडुजी बंद झाली. ‘विंडोज ११’ बसवावी, तर ती ‘टीपीएम २.०’ नांवाचें सुरक्षेचें साधन मागते. तें आमच्या यंत्रांत नव्हतें. दिवाळीच्या सुटींत धाकट्या बंधूंचा नातू आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्यानें यंत्र उघडून धूळ झाडली, आणि जुनी सिस्टिम न काढतां तिच्या जोडीस ‘लिनक्स’ बसविली. हिचा गाभा १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिहिला. ती विनामूल्य मिळते.

तिसऱ्या दिवशीं पोथ्यांची नक्कल काढावयास घेतली, तों यंत्र अडखळूं लागलें. डिस्क क्षणभर दिसे, क्षणांत नाहींशी होई. घरांतील सर्वांचें एकमत झालें कीं, नव्या सिस्टिमनें डिस्क खाल्ली. एका जाणत्या म्हणविणाऱ्यानें ती फॉर्मॅट करण्याचा सल्ला दिला. आणि आम्ही त्या मुलास माजघरांत सर्वांदेखत म्हणालों, “तुला हें विचारलें होतें कोणीं? तुझ्या मोठ्या आजीचा आवाज घालविलास!”

तो उलटून बोलला नाहीं. एवढेंच म्हणाला, “मोठे आजोबा, तिच्यावर कांहीं लिहूं नका, फॉर्मॅट तर मुळींच नको. मला एक दिवस द्या.”

हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची वही आपल्याच पोटांत ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. मुलानें ती उघडली. तींत पांचव्या क्रमांकावर निकामी होऊन बदललेल्या जागांचा हिशेब असतो. तेथें शून्य होतें. १९७ व्या क्रमांकावर संशयित जागांचा, तेथेंहि शून्य. परंतु १९९ व्या क्रमांकावर, जेथें डिस्क आणि यंत्र यांच्यामधील वाटेंत बिघडलेल्या निरोपांची मोजदाद होते, तेथें मोठा आंकडा होता. म्हणजे पोथी शाबूत होती. वाट खराब होती.

पुढें त्यानें जें केलें, तें पाहून आम्ही थक्क झालों. इंटरनेट तोडून त्यानें जुन्या सिस्टिमखालीं तेंच नकलेचें काम चालविलें, आंकडा वाढला. नवी सिस्टिम नसतांनाहि दोष होता, व्यतिरेक फसला. मग परभणीहून नवी ‘साटा’ केबल आणून जोडली आणि नव्या सिस्टिमखालीं रात्रभर नक्कल चालविली; आंकडा जागचा हालला नाहीं. नवी सिस्टिम असतांना दोष नव्हता, अन्वयहि फसला. सर्व ऐवज दुसऱ्या डिस्कवर सुखरूप उतरल्यावर त्यानें जुनी केबल मुद्दाम पुन्हां लावली. आंकडा लागलाच चढूं लागला. अन्वयव्यतिरेक हा शब्द त्या मुलास ठाऊक नव्हता. शब्द आमच्यापाशीं होता, आचरण त्याच्यापाशीं.

मग पूर्वीं दोष कां दिसला नाहीं? पूर्वीं त्या डिस्ककडून एखादी फाइल तेवढी मागितली जाई; बिघडलेला निरोप यंत्र पुन्हां मागवून घेई व कोणास पत्ता लागत नसे. यंदा आम्हीं प्रथमच हजारों पानें एकदम मागितलीं. मुलानें हेंहि आपण होऊन सांगितलें, “धूळ झाडतांना केबल माझ्याच हातून दुखावली असेल. वहींत आंकडा असतो, तारीख नसते.”

तें ऐकून आम्हांस वर्गांतील एक जुनी गोष्ट आठवली. भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें, तेव्हां त्यास शेवटीं हात लावणाऱ्या मुलास आम्हीं छडी दिली. घड्याळाचा सेल संपला होता, हें दुसऱ्या दिवशीं कळलें. सेल बदलला, छडी परत घेतां आली नाहीं.

या खेपेस मात्र, ज्या माजघरांत बोललों होतों, त्याच माजघरांत सर्वांस बोलावून आम्हीं आपली चूक कबूल केली. मुलगा लाजून उठला आणि त्यानें भूपाळी लावली. चौदा माणसांच्या घरांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस वाचकास विनवीत कीं, हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा आणि सैल बांधणीपासून जपा. आमच्या घरीं आतां त्या भूपाळ्यांच्या तीन नकला आहेत. एक पुण्यास मुलीकडे असते. ती जुनी केबल आम्हीं टाकिली नाहीं. लिहावयाच्या मेजावर, रागाच्या भरांत हात जाईल तेथेंच, ठेविली आहे.