सहीची जागा

माझ्या लेकीच्या जन्माची फाईल कपाटात निकाहनामा आणि रेशन कार्डाच्या मध्ये ठेवलेली आहे. गेल्या महिन्यात जन्माचा दाखला शोधताना ती हाती लागली. लेक झोपली होती, घर शांत होतं, म्हणून पहिल्यांदाच मी ती पानन् पान वाचली. ऑपरेशनच्या संमतीचा कागद इंग्रजीत छापलेला आहे. त्यावर तीन ठिकाणी सही आहे. तिन्ही सह्या माझ्या नवऱ्याच्या. माझी एकही नाही.

पोट माझं होतं आणि मी पूर्ण शुद्धीत होते. एम.ए. केलेलं आहे, तीन वर्षं शाळेत शिकवलं आहे, मुलांच्या प्रगतीपुस्तकांवर शेकड्याने सह्या केल्या आहेत. त्या दिवशी माझ्यापुढे पेन कुणी धरलंच नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आम्ही सातपूरला राहतो. माझं माहेर जुन्या नाशकात, चौक मंडईकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरचा जिना अरुंद आणि अम्मीचे गुडघे दुखरे, म्हणून अम्मीच माझ्याकडे राहायला आली. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याचा पगार महिना 21,000 च्या आत होता तोवर आम्हाला ईएसआय होतं. सातपूरमध्येच कामगारांसाठी ईएसआयचं रुग्णालय आहे, माझ्या जावेची दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. मग पगार वाढला. आम्ही पेढे वाटले. चालू सहामाही संपली आणि ईएसआय बंद झालं. त्याच्या जागी कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी आली आणि तिच्या यादीतलं, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचं एक खासगी हॉस्पिटल. सासूबाईंची अट एकच होती, डॉक्टर बाई हवी. ती तिथे होती.

पॉलिसीत नॉर्मल डिलिव्हरीला 35 हजार आणि सिझरला 50 हजार मिळणार होते. हे आकडे मला पाठ होते. अॅडमिशनच्या काउंटरवरच्या मुलीलाही ते पाठ होते, कार्ड बघताच तिने ते म्हणून दाखवले. यातून मी काही सुचवत नाही. फक्त आठवलं ते लिहिते.

2023 च्या जूनची 27 तारीख, मंगळवार. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, दोन-तीन दिवसांपूर्वीच सुरू झाला होता. रात्री दोनच्या सुमारास माझं पाणी गेलं. नवरा रात्रपाळीला. अम्मी आणि मी शेजारच्या काकांच्या रिक्षातून निघालो. हॉस्पिटलात सिस्टरने नाव लिहून घेतलं, आडनाव दोनदा विचारलं. मग, "कितवं?"

"पहिलं."

"पहिलं?" तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वय?"

"एकोणतीस."

"तुमच्यात एवढा उशीर नाही ना करत," ती म्हणाली. अगदी सहज. तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं, म्हणूनच त्याला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. मला त्या वेळी कळ आली होती. कळ ओसरल्यावर उत्तर द्यावं असं ठरवलं, पण मग दुसरी आली.

लेबर रूमच्या दाराशी अम्मीला थांबवलं. "आत फक्त पेशंट." अम्मीने माझा बुरखा घडी करून छातीशी धरला आणि ती बाकावर बसली. माझा जन्म घरात, दाईच्या हातून झालेला. तेव्हा नानी, खाला, शेजारणी अशा सहा-सात बायका खोलीत होत्या, असं अम्मी नेहमी सांगते. एक पाठ चोळत होती, एक पाणी गरम करत होती आणि दोघी नुसत्या बडबडत होत्या. मला त्या दिवसांची हौस नाही. त्याच घरात अम्मीचं माझ्याआधीचं एक बाळ गेलं होतं, आणि जवळ डॉक्टर असती तर ते वाचलं असतं असं ती आजही म्हणते. म्हणून तर ती दवाखान्यासाठी हट्ट धरून बसली होती. पण दवाखान्यात यायचं म्हणजे आईला दाराबाहेर सोडून यायचं, हे काही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर मी वाचलं की केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक सोबतीण राहू द्यायला मुभा दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही बाईला हवी ती व्यक्ती तिच्याजवळ असावी असं आहे. सोबत असली की बाई कमी घाबरते, आणि सिझरचं प्रमाणही कमी होतं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे सरकारी दवाखान्यात निदान कागदावर तरी अम्मी आत आली असती. आम्ही डिपॉझिट भरून तिला बाहेर ठेवलं.

रात्रपाळीचे डॉक्टर पुरुष होते. सासूबाईंची बाई डॉक्टर सकाळी येणार होती. पुरुष डॉक्टरांनी तपासलं याचं मला फार काही वाटलं नाही. तपासतोय एवढंही ते म्हणाले नाहीत, त्याचं वाटलं. पाय दुमडा, सैल सोडा, ओरडू नका. सलाईनमध्ये कळा वाढवण्याचं औषध सोडलं, तेही बाटली लटकल्यावर मला कळलं. त्यानंतर कळांची लय बदलली. आधी येऊन जात होत्या, आता येऊन थांबत होत्या. पोटाला पट्टा बांधला होता, त्याच्या मशीनमधून बाळाच्या ठोक्यांची नक्षी काढलेली कागदी पट्टी बाहेर येत होती.

पहाटे फरशी पुसायला आलेली मावशी माझ्याजवळ थांबली. "ताई, हात धरू का?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने फिनाईलच्या वासाचा ओला हात पदराला पुसला आणि माझा धरला. सिस्टर ओरडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं ती तशीच उभी होती. आता मागे वळून बघते तेव्हा जाणवतं, त्या साऱ्या रात्रीत मला विचारून माझ्या अंगाला हात लावणारी ती एकटीच.

बाहेर अम्मी सूरह मरयम पढत होती. कळांनी बेजार होऊन खजुराच्या बुंध्याशी आलेल्या मरयमची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती एकटी होती म्हणून वाईट वाटायचं. मी तर पाच माणसांत होते.

अकराच्या सुमारास मॅडम आल्या. पट्टी हातात घेऊन बघितली, सिस्टरशी अर्ध्या इंग्रजीत बोलल्या. माझ्या गुडघ्यांच्या वरून त्यांचे शब्द येत होते. पाणी हिरवं आहे. ठोके उतरतायत. थांबण्यात अर्थ नाही. "मिस्टरांना बोलवा."

"काय झालं, मॅडम?"

"बाळासाठीच करतोय."

बाहेर नवरा होता. रात्रपाळी संपवून थेट आलेला, अंगात कंपनीचाच शर्ट. त्याच्यापुढे कागद धरला गेला. जिथे फुली आहे तिथे सही करा. त्याने केली.

ऑपरेशन टेबलावर पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग कुणा दुसऱ्याचं झालं. हिरव्या पडद्यापलीकडे पाऊस आणि गुरुवारची आषाढी यावर बोलणं चाललं होतं. दुखत काहीच नव्हतं, पण कुणीतरी परातीत कणीक तिंबावी तसं पोट इकडून तिकडे हलत होतं. मग रडण्याचा आवाज आला. लेकीला माझ्या तोंडाजवळ आणून दाखवलं आणि लगेच नेलं. तिचा एक कान दुमडलेला दिसला. तो तसा कायमचाच राहील की काय, ही माझी आई म्हणून पहिली काळजी.

नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये तिच्या कानात अज़ान दिली. त्याने घसा साफ करताच सिस्टर म्हणाली, "आवाज नको हं." मग तो कुजबुजला. सासूबाईंनी शहदाची बाटली आणली होती, ती बालरोगतज्ज्ञांनी अडवली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांनी ते सासूबाईंना नीट समजावूनही सांगितलं. सासूबाई नाराज झाल्या, पण पटलं त्यांना. पाच मिनिटं बसून सांगितलं की पटतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिसऱ्या दिवशी, 29 जूनला, बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. खोली दोघींत होती. पलीकडच्या खाटेवर त्र्यंबककडची एक मुलगी होती, तिचंही सिझरच. तिच्या सासूबाईंना कडक उपास, तरी त्यांनी सुनेसाठी घरून मऊ भात आणला होता. आमच्याकडे ईद, पण माझ्या वाट्याला मुगाच्या डाळीचं पाणी. अम्मीने डब्यात शीरखुर्मा आणला होता, तो मला चालेना. तिने तो पलीकडच्या आजींपुढे धरला. आजी म्हणाल्या, शेवया उपासाला चालत नाहीत, उद्या सकाळी खाईन. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने मागून खाल्ला. मधल्या रात्री तो अम्मीने सिस्टरांच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिला होता. "तुमच्यात" म्हणणाऱ्या त्याच सिस्टरने तो ठेवून घेतला.

टाके, चीक, तिसऱ्या दिवशी उतरलेलं दूध, अछवानी, चिल्ला यांवर पुन्हा कधीतरी लिहीन. बिल 78 हजार झालं. 50 पॉलिसीने दिले.

फाईल वाचली त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, "तू वाचलं होतंस का हे?"

"नाही."

"मला का नाही विचारलंस?"

"मला आत कुठे सोडत होते? दहा मिनिटं आहेत म्हणाले. मला वाटलं, तू जातेस." मग जरा वेळाने चिडून, "सही केली नसती तर आज काय म्हणाली असतीस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याचं काम मला माहीत आहे. मोठ्या मशीनच्या आत हात घालायचा तर आधी वर्क परमिट लागतं. वीज बंद, कुलूप लावलेलं, कुलपावर नावाचं लेबल. जो माणूस आत हात घालणार त्याची स्वतःची सही. दुसऱ्याने त्याच्या वतीने केली तर मेमो मिळतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "मशीनच्या कामाला तरी परमिटवर तुझी सही घेतात." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्यापेक्षा तुझी सही चांगली आहे." आमच्या घरात माफी अशीच मागतात.

समीरा कोहली यांच्या खटल्याबद्दल मी पुढे वाचलं. 1995 मध्ये दिल्लीच्या एका क्लिनिकमध्ये त्या तपासणीसाठी गेल्या. भूल दिलेली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला की त्या सज्ञान होत्या, जीव तातडीने धोक्यात नव्हता, तेव्हा आईची संमती ही त्यांची संमती नव्हे. डॉक्टरने काय करणार, का करणार, दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला पुरेसं सांगायला हवं. माझ्या बाबतीत घाई असेलही. पण मी तर जागी होते. दोन वाक्यं ऐकून सही करायला मला एक मिनिट पुरलं असतं.

सिझर गरजेचं होतं का, हा खरा प्रश्न, आणि त्याला मी अजून टाळत आले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी रुग्णालयांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या आणि सरकारी रुग्णालयांतल्या 14.3 टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात मी कुठे बसते? कदाचित मी आणि लेक त्या चाकूमुळेच वाचलो. अम्मीला याबद्दल शंकाच नाही. तिला तिचं गेलेलं बाळ आठवतं, आणि तिच्यासमोर हा विषय काढला की मीच कृतघ्न ठरते. मला डॉक्टरांवर आरोप करायचा नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचं आहे.

माझ्या डॉक्टर मामेबहिणीने फाईल पाहिली. ती म्हणाली, "ठोके कमी झाले असं लिहिलंय. पण ती पट्टी यात नाही. पट्टीशिवाय मी काहीच सांगू शकत नाही." मग तिनेच सांगितलं की रुग्णाने मागितल्यास कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात, आणि डॉक्टरांवर ती तीन वर्षंच जपून ठेवण्याचं बंधन आहे.

लेक येत्या जूनमध्ये तीन वर्षांची होईल.

मंगळवारी मी अर्ज लिहिला. मराठीत, माझ्या हाताने. ठोक्यांच्या पट्टीसह संपूर्ण नोंदींची प्रत मिळावी. नवरा म्हणाला, "मी सुट्टी टाकू का?" मी म्हटलं, नको. लेकीला अम्मीकडे सोडलं आणि चालतच गेले. काउंटरला आता नवीन मुलगा आहे. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला, शेवटी सहीवर बोट ठेवलं.

"मिस्टर नाही आले?"

"फर्स्ट शिफ्टला आहेत," मी म्हटलं. "सही माझी आहे. पोचपावतीवर शिक्का द्या."

त्याने आत फोन लावला, दोन मिनिटं हो-हो केलं, मग शिक्का मारून दिला. शुक्रवारी या म्हणाला.