टाळू भरली, मग पुढे?

आमच्या केडगावात बाळाच्या टाळूचे जेवढे लाड होतात, तेवढे बाळाचेही होत नसतील! आजी रोज कोमट तेलाने टाळू भरणार, वर मऊ कुंची बांधणार आणि पोर कुणी उचललं, की आधी ओरडणार, ‘‘टाळू सांभाळ गं!’’ साधारण दीड वर्षात ती मऊ जागा हाडाने भरून येते. झालं! आजीची ड्युटी संपते आणि पोराचं प्रमोशन थेट बाइकच्या टाकीवर. समोर पुणे रोड, ट्रक, एसटी आणि पोराचं डोकं उघडं. टोकलं, की दादाचं उत्तर ठरलेलं, ‘‘अगं, इथल्या इथं तर जायचंय!’’

हे ‘इथल्या इथं’ ऐकलं, की मला पुण्यातली एक केस आठवते. २०१७ मध्ये एका चिमुरडीच्या डोक्याला अपघातात जबर मार बसला. अशा वेळी मेंदू सुजतो आणि कवटी म्हणजे तर बंद डबा. सुजेला जागा मिळावी म्हणून सर्जन हाडाचा तुकडा काढून डीप फ्रीजरमध्ये किंवा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. सूज उतरली, की तोच परत बसवायचा. पण मुलांमध्ये बसवलेलं हाड कधी कधी हळूहळू विरून जातं, कधी इन्फेक्शन होतं, तर कधी आधीच त्याचा चुरा झालेला असतो. म्हणजे भरलेली टाळू पुन्हा उघडली, तीही तळहाताएवढी! खेळणं बंद, पळणं बंद, आणि आई-बापाची झोप तर पहिली उडते.

२०१८ मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये डॉ. विशाल रोकडे यांच्या टीमने त्या चार वर्षांच्या मुलीला खास तिच्या मापाची, अमेरिकन कंपनीने बनवलेली पॉलिएथिलीनची थ्रीडी कवटी बसवली. कवटीचा ६० टक्के भाग बदलल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या होत्या.

याचा फंडा तसा सोपा आहे. सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर कवटी उभी करायची, शाबूत बाजू आरशात पाहावी तशी उलटवून खळग्याचा आकार काढायचा आणि तेवढाच तुकडा प्रिंट करायचा किंवा साच्यातून काढायचा. टायटॅनियम चालतं, खास प्लॅस्टिकही चालतं. फिटिंग एकदम सही!

पण खरी मेख पुढेच आहे. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो. फ्रॉकला आत दोन बोटं कापड सोडतो. कवटीला असं कापड सोडता येत नाही. पोर वाढतं, इम्प्लांट वाढत नाही. म्हणून मूल जितकं लहान, तितका डॉक्टरांपुढचा पेच मोठा. ऑपरेशन झालं तरी तपासण्या वर्षानुवर्षं चालू राहतात.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला बाइकवर हेल्मेट सक्तीचं आहेच. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या पिल्लांनाही मापाचं हेल्मेट हवं. चारपेक्षा लहान मूल सोबत असेल, तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा आणि स्पीड ताशी ४० किलोमीटरच्या आत. पावतीच्या भीतीने नको, साध्या हिशेबाने घ्या. पोराचं डोकं वाढलं, की हेल्मेट नव्या मापाचं आणता येतं. कवटी नाही.