काडी ओढण्याआधी एक हाक



मुंबईत शेतकरी राहतात असे सांगितले की पुष्कळांना हसू येते. पण गोरेगाव, बोरिवली, मुलुंडच्या डोंगरउतारांवर आजही आदिवासींचे पाडे आहेत. पावसाळ्यात थोडे भात, बांधावर शिराळी-काकडी, परसात अळू, दावणीला दोन गुरे, असा आमचा संसार. माझे लग्न होऊन मी जव्हारकडून आरे वसाहतीतल्या अशाच एका पाड्यात आले. घरापासून तासाभराच्या वाटेवर लोकलचा खडखडाट आणि घरामागे मात्र जंगल. त्या जंगलाची सावली आम्ही वर्षभर खातो, आणि त्याची धगही आम्हालाच सोसावी लागते. त्या धगीबद्दलच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आमच्याकडे पाऊस उदंड. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून बाहेरच्यांना वाटते, इथे कसला वणवा? पण पुढचे आठ महिने थेंब नसतो. जे गवत श्रावणात कमरेएवढे वाढते, तेच माघात वाळून कडकडीत होते. पाऊस जितका जास्त, तितके गवत जास्त, आणि गवत जितके जास्त तितका जाळ मोठा. त्यात एखाद्या वर्षी पाऊस लवकर आटोपला, की पानगळ लवकर होते, झरे माघातच आटतात आणि विहिरीला तळ दिसू लागतो. म्हणजे जळायला सामान जास्त आणि विझवायला पाणी कमी. दुष्काळातला वणवा असा दोन्ही बाजूंनी मारतो.

आणखी एक गोष्ट ऐका. आमच्या डोंगरात कारवी आहे. तिच्याच काठ्यांचे कूड करून, वर शेणमातीचा गिलावा देऊन आमच्या भिंती होतात. ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008 साली फुलली, मग 2016 साली आणि नंतर 2024 साली. फुललेली कारवी पाहायला गावोगावचे लोक येतात. पण फुलून बी धरले की झाड मरते, आणि डोंगरभर वाळक्या काठ्या उभ्या राहतात, हे पाहायला कोणी येत नाही. ते आम्ही पाहतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच्या चुकीवर उपदेश करण्यापेक्षा आपलीच सांगितलेली बरी.

2009 साली पावसाने दगा दिला होता. शहरात पाणीकपात झाली. आमच्या पाड्यातली विहीर फाल्गुनातच गढूळ झाली. 2010 चा मे महिना होता. भाताची रोपे टाकायची तर आधी राब भाजायचा, ही आमची रीत. जमिनीवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून ते जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि राखेने रोप जोमाने येते. सासूबाई आदल्या रात्री म्हणाल्या, "वारा बरा नाही. परवा पहाटे दोघी मिळून पेटवू." पण पहाटे मला भाजीची पाटी घेऊन स्टेशनावर जायचे असे. पहाट मोडली तर दिवसाची कमाई बुडणार. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजार उरकून आले आणि कोणाला न सांगता अकराच्या सुमारास एकटीनेच काडी ओढली.

ही वेळच चुकीची. आमच्याकडे पहाटे वारा पडलेला असतो. दहा-अकरा वाजले की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत वाढतच जातो. समुद्र पश्चिमेला, डोंगर पूर्वेला. म्हणजे वारा जाळाला थेट चढावर ढकलतो. राबातली एक जळकी काटकी उडाली, बांधावरच्या गवतात पडली, आणि मी हंडा उचलेपर्यंत जाळ बांध ओलांडून वर निघाला होता. वरच्या अंगाला एका म्हातारीचे घर होते. पाड्यात सगळे तिला आजीच म्हणत. घरात ती एकटी, एक गाय, एक वासरू. घराला टेकून पेंढ्याची उडवी.

उडवी पेटायला वेळ लागला नाही. आजी धावली ती गाय सोडायला. दाव्याची गाठ आवळून बसलेली, ती काही सुटेना. शेवटी शेजारच्या पोराने कोयत्याने दावे तोडले. गाय वाचली. वासरू पलीकडच्या खुंट्याला होते, त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचता आले नाही. कूडाच्या भिंतीला गिलावा नवा होता म्हणून घर उभे राहिले, पण वर्षभराचा पेंढा तासाभरात गेला. दुष्काळाचे वर्ष, पैसे देऊनही कोठे पेंढा मिळत नव्हता.

पाड्यातले लोक म्हणाले, कोणी बाहेरचा बिडी टाकून गेला असेल. मी गप्प राहिले. दोन दिवस गप्प राहिले. राब माझाच जळालेला होता, पण वारा, ऊन, बिडीवाला, कोणावरही ढकलता येत होते. सासूबाईंना सगळे ठाऊक होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहणे त्यांनी सोडले. तिसऱ्या दिवशी मला अन्न जाईना. मी आजीकडे गेले आणि तिच्या ओट्यावर बसून सगळे सांगितले.

आजी बराच वेळ वासराच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, झाले ते झाले. पुढच्या वर्षी मला हाक मारल्याशिवाय काडी ओढू नको."

आम्ही आमचा निम्मा पेंढा तिच्या दारात नेऊन टाकला. घरधन्यांनी तबेल्यातून ओल्या वैरणीची सोय लावली. गाय जगली. वासरू कुठून परत येणार?

त्याच वर्षीची, म्हणजे 2009 ची, परदेशातली एक गोष्ट मला पुढे कळली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया म्हणून प्रांत आहे. तिथे कित्येक वर्षांचा दुष्काळ चालला होता. 7 फेब्रुवारी 2009 ला तिथे वणवे पेटले आणि 173 माणसे गेली. तिथली शेतकरी घरे आमच्यासारखी गरीब नव्हती. त्यांच्याकडे पंप होते, मोटारी होत्या. तरी घरे गेली. त्यातून लोक एक गोष्ट शिकले. घर पुष्कळदा समोरच्या ज्वाळेने पेटत नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणगीने पेटते. ठिणगीला बसायला जागा मिळाली तर घर गेले, नाही मिळाली तर राहिले. आजीच्या घराचेही तेच झाले. ठिणगीला उडवी मिळाली, भिंत मिळाली नाही.

म्हणून आमच्या पाड्यात आता संक्रांत झाली की कामाला लागायचे असे ठरले आहे. होळीपर्यंत थांबायचे नाही. महाराष्ट्रात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला ते 2018 साल तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीलाच गोरेगावच्या दिंडोशीकडच्या डोंगराला मोठी आग लागली. पाऊस थांबून दोनच महिने झाले होते. अग्निशमन दल आले, पण बंब उभ्या चढावर जात नाही. वणव्याला तिथी-वार नसतो, हे तेव्हा पुन्हा दिसले.

आम्ही काय करतो ते सांगते. यात पैसा फारसा लागत नाही, हात लागतात.

पहिले काम अंगणाचे. घराभोवती तीसेक फूट गवत कापून, पालापाचोळा झाडून जमीन उघडी करायची. कापलेले गवत तिथेच ढीग करून ठेवायचे नाही. वरच्या म्हणजे डोंगराच्या बाजूला आणि खालच्या उताराला ही पट्टी जास्त रुंद ठेवायची, कारण जाळ चढावर धावतो. वनखाते जंगलात जाळरेषा काढते, तशीच ही घराची रेषा समजा.

दुसरे, छप्पर. कौलांच्या फटीत आणि पन्हळीत साठलेला पाला काढायचा. फुटके कौल बदलायचे, कारण ठिणगी फटीतूनच आत शिरते. गवती छप्पर असेल तर ते घर पहिले धोक्याचे, तिथे पाणी आणि शिडी कायम जवळ हवी. भिंतींचा गिलावा उडाला असेल तर शेणमातीने सारवून घ्यायचा. कारवी उघडी पडली की ती भिंत नसते, सरपण असते.

तिसरे, उडवी, गोवऱ्या आणि लाकडे घराला टेकून ठेवायची नाहीत. लांब, आणि एकाच मोठ्या उडवीऐवजी दोन-तीन लहान उडव्या, मधे अंतर सोडून. एक गेली तर दुसरी राहते. हा धडा मला फार महाग पडला.

चौथे, गुरे. दावे सुरगाठीने बांधायचे, एका हिसक्यात सुटले पाहिजे. गोठ्याच्या दाराशी कोयता अडकवून ठेवायचा. उन्हाळ्यात बाहेर जाताना गुरे कोण सोडणार ते शेजाऱ्याला सांगून जायचे.

पाचवे, पाणी. दुष्काळात पिंपभर पाणी राखणे जड जाते, मला ठाऊक आहे. तेव्हा भांड्याधुण्याचे पाणी टाकू नका, ते एका पिंपात साठवा. आगीला ते चालते. शेजारी दोन-चार गोणपाटे ठेवा. ओले गोणपाट आणि हिरवी फांदी यांनी गवताचा जाळ झोडपून विझतो, मात्र जाळ गुडघ्याच्या खाली असेल तरच. तो वर चढला की झोडपायला जाऊ नये, निघावे.

निघायचे कसे, तेही आधी ठरवा. म्हातारी माणसे आणि पोरे आधी. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पुस्तक एका पिशवीत, खुंटीला. अंगावर सुती कपडा, नायलॉनची साडी नको, ती वितळून कातडीला चिकटते. डोंगरावर पळायचे नाही. खाली किंवा आडवे, नांगरलेल्या शेतात किंवा जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर जायचे. वनखात्याचा 1926, अग्निशमनाचा 101 आणि आणीबाणीचा 112 हे आकडे आमच्या नातवाने कोळशाने दारामागे लिहून ठेवले आहेत.

आता राबाबद्दल. शक्य असेल तर तो जाळूच नका. गादीवाफा करून, शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख घालून रोप चांगले येते. भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीतही तुसाची राख सांगितली आहे. आम्ही गेली काही वर्षे तसेच करतो, आणि रोप काही मागे पडले नाही. ज्यांना भाजायचाच असेल त्यांनी पहाटे, वारा नसताना, भोवती उघडी पट्टी काढून, पाणी घेऊन, चार माणसे उभी करून भाजावा, आणि राख गार होईपर्यंत जागा सोडू नये. जंगलाच्या कडेला असाल तर वनरक्षकाला आधी सांगावे. राखीव जंगलाला आग लावणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आणि डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते ही समजूत सोडून द्या. डोंगर उघडा पडतो, पहिल्याच पावसात माती वाहून जाते, आणि टिटवीची, लाव्यांची अंडी जमिनीवरच भाजून निघतात.

आजी आता नाही. पण पाड्यात रीत राहिली आहे. कोणाला पाचोळा पेटवायचा असो की चूल अंगणात मांडायची असो, आधी वरच्या आणि खालच्या घराला हाक जाते. "पेटवते गं!" आणि दोन्हीकडून "ओ" आल्याशिवाय काडी ओढली जात नाही. नवी सून आली की सासू तिला ही रीत पहिल्या उन्हाळ्यातच सांगते. माझ्या सुनेला मी सांगितली, तेव्हा वासराची गोष्टही सांगितली. लपवली नाही.

2024 ची कारवी आता डोंगरावर वाळून उभी आहे. तुमच्याकडे कारवी नसेल, पण कुसळी गवत असेल, उसाचे पाचट असेल, काजूच्या बागेतला पाला असेल. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातले आपण होऊ नये. येत्या सुटीच्या दिवशी घराभोवती एक फेरी मारा. उडवी कुठे आहे, दाव्याला गाठ कोणती आहे, तेवढे पाहा. आणि शेजारच्या घराला हाक मारून तेही बघायला सांगा.