तृतीय पुरुष, एकवचन

‘चाकाची खुर्ची’ हे नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे शीर्षक. वर्गात हे पुस्तक मी अनेकदा वाचायला सुचवले आहे आणि दर वेळी विद्यार्थ्यांच्या टिपणांत ‘जिद्द’, ‘संघर्ष’ आणि ‘प्रेरणादायी’ हे तीन शब्द हटकून आढळले आहेत. ते खोटे नाहीत. पण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा ह्याच शब्दांच्या पहाऱ्यात. एक तर त्याने आपल्याला हेलावून सोडावे, नाही तर धडा द्यावा. तो निव्वळ मजा करायला घराबाहेर पडला आहे, असे चित्र आपल्या वाङ्मयात मला तरी सहसा दिसलेले नाही. (जाणकारांना दिसले असल्यास जरूर सांगावे.)

हे मनात घोळू लागले त्याला निमित्त झाली माझी एम.ए.च्या दिवसांपासूनची मैत्रीण. पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे अकरा वर्षे ती चाकाच्या खुर्चीवर आहे; कमरेखाली संवेदना नाही. भाषांतरे करते, हाताने ब्रेक लावता येईल अशी बदलून घेतलेली गाडी स्वतः चालवते. भाचरे वॉटर पार्कला निघाली की तिलाही आग्रहाने नेतात, सावलीत बसवतात आणि सगळ्यांच्या पिशव्या, मोबाईल, चष्मे तिच्या मांडीवर ठेवून पाण्याकडे धूम ठोकतात. ‘‘मी त्यांचा लॉकर आहे,’’ ती एकदा म्हणाली, ‘‘तोही बिनभाड्याचा. मला भिजायचंय.’’ म्हणून गेल्या उन्हाळ्यात, आठवड्यातला गर्दी नसलेला वार पाहून, आम्ही दोघीच गेलो.

तिकीट खिडकीवरच्या तरुणाने माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘मॅडम पाण्यात उतरणार आहेत का?’’ मॅडम त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या आणि पैसेही त्याच देत होत्या. बोलणारा प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय, असे आपण शाळेपासून शिकतो. समोर बसलेल्या माणसाला सहजगत्या तृतीय पुरुषात ढकलता येते, हे मात्र व्याकरणाच्या पुस्तकात नसते. तो मुलगा उद्धट मुळीच नव्हता. उलट फार अदबीने बोलत होता. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या मांडवातही हेच होते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ‘‘उतरणार आहे,’’ तिने सांगितले आणि सुटे पैसे मोजून घेतले.

रॅम्प आहे, असे फोनवर सांगितले गेले होते. होताही. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, गॅसचे सिलिंडर आणि शीतपेयांचे क्रेट चढवण्यासाठी. कांद्याच्या पोत्यांना वळसा घालून आम्ही आत शिरलो. कपडे बदलण्याच्या खोलीचे दार दोन फुटांचे आणि खुर्ची त्याहून दोन इंच रुंद. त्या दोन इंचांपायी तिला कपडे बाहेरच्या मोकळ्या जागेत बदलावे लागले. एका बाजूला मी टॉवेल धरून आणि दुसऱ्या बाजूला तिथल्या सफाईच्या मावशी जुनी चादर धरून. मावशींनी काहीही विचारले नाही. ‘‘सांभाळ गं बाई, फरशी निसरडी आहे,’’ एवढेच त्या तिला म्हणाल्या.

घसरगुंड्यांचे समजण्यासारखे आहे. पाण्याला आणि माणसाला खाली यायचे तर आधी वर चढायला हवे, तेव्हा जिने आलेच. त्याविषयी तिची तक्रार नव्हती. संथ वाहणाऱ्या कालव्यात उतरायला चार पायऱ्या होत्या, त्याविषयी मात्र होती. राहिला लाटांचा तलाव. त्याचा तळ समुद्रकिनाऱ्यासारखा शून्यापासून हळूहळू खोल होत जातो. लाट नीट फुटावी म्हणून हा उतार ठेवलेला असतो. चाकाच्या खुर्चीचा विचार तो आखताना कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. त्या सबंध आवारात तिच्यासाठी उघडी असलेली एकमेव जागा अशी लाटेच्या सोयीसाठी झालेली होती.

अर्थात खुर्ची पाण्यात नेता येत नाही. क्लोरिनच्या पाण्याने पोलाद गंजते, चाकांचे बेअरिंग जातात आणि बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून घेतलेली महागडी गादी पाणी पिते. तेव्हा खुर्ची काठावर ठेवली. दोन जीवरक्षकांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गुडघाभर पाण्यात नेले. पायांत तिने जाड मोजे घातले होते, कारण खरखरीत तळाने कातडी सोलवटली तरी तिला कळले नसते. भोंगा वाजला, पहिली लाट आली आणि प्लॅस्टिकची खुर्ची चक्क तरंगू लागली. दोघे जीवरक्षक खुर्चीचे पाय धरून तिच्याशी झटापट करीत राहिले. ‘‘अहो, ती सोडा,’’ ती ओरडली, ‘‘मला धरा!’’

मग आम्ही छातीभर पाण्यात गेलो. लाइफ जॅकेट होतेच. मी तिला खांद्याखाली धरले होते. तिचे पाय आपोआप वर येऊन पाण्यावर आडवे झाले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, एखादी जुनी, थोडी कुरबुरीची ओळख निघावी तशी. आणखी एक गोष्ट मला तिथेच लक्षात आली. अकरा वर्षे ती लोकांशी मान वर करून बोलत आली आहे. छातीभर पाण्यात मात्र सगळ्यांची डोकी एकाच पातळीवर असतात. दहाएक वर्षांचा एक मुलगा हात मारत जवळ आला आणि थेट तिला म्हणाला, ‘‘आंटी, तुम्हाला पोहता येतं?’’ ‘‘यायचं,’’ ती म्हणाली, ‘‘आता बघते.’’ पुढच्या लाटेने तिच्या नाकातोंडात पाणी गेले; ती खोकली, हसली आणि वेळेवर उचलले नाही म्हणून मला दोन अस्सल शिव्या घातल्या. भोंगा आणखी तीनदा वाजेपर्यंत ती बाहेर यायला तयार नव्हती.

कायदा तिच्या बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांचा ह्याविषयीचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २९ वे कलम संस्कृती आणि मनोरंजन ह्यांतल्या समान सहभागाविषयीच आहे. पण आपल्या चर्चेत उताराचा मार्ग शाळेला, कचेरीला, इस्पितळाला लागतो. मौजेला तो लागतो असे आपल्याला वाटत नाही. गरज सिद्ध केलेल्या माणसालाच आपण वाट देतो.

अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे २०१७ मध्ये केवळ ह्याच विचाराने बांधलेले वॉटर पार्क उघडले. गॉर्डन हार्टमन यांच्या मुलीशी, मॉर्गनशी, सुट्टीवर असताना हॉटेलच्या तलावातली मुले खेळेनात, त्यातून आधी २०१० मध्ये एक उद्यान आणि मग हे पार्क उभे राहिले. तिथे बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या तयार केल्या. त्या पाण्यात जातात, आणि अपंग पाहुण्यांना प्रवेश विनामूल्य आहे. हे वाचून दाखवले तेव्हा हवेच्या खुर्चीविषयी तिने बारकाईने विचारले. विनामूल्य प्रवेशावर मात्र नाक मुरडले. ‘‘तिकीट काढीन की मी. दार रुंद करा म्हणावं.’’

आम्ही गेलो होतो त्या पार्कच्या व्यवस्थापकांना तिने नंतर एक पत्र लिहिले. त्यात कायद्याचा उल्लेख नव्हता, तक्रारीचा सूरही नव्हता. कपडे बदलण्याच्या एका खोलीचे दार बत्तीस इंचांचे करावे, आत बसायला बाक ठेवावा, लाटांच्या तलावाच्या उतारावर एका कडेने हात धरायला दांडा बसवावा, अशा तीन मागण्या होत्या. मी मसुदा वाचून ‘आमची मैत्रीण’ असा उल्लेख असलेले एक पत्र माझ्याही नावाने पाठवावे का, असे विचारले. ‘‘नको,’’ ती म्हणाली, आणि सहीखाली आपल्या खुर्चीची रुंदी इंचांत लिहिली. उत्तर अजून आलेले नाही.