मेंदूज्वर, डुकरे आणि हातावरची जखम

डुकरांपासून मेंदूज्वर होतो, असे आपल्या वस्त्यांतून सर्रास बोलले जाते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा जपानी मेंदूज्वर असतो. त्यात विषाणू डुकराच्या अंगात वाढतो आणि डास तो माणसापर्यंत आणतो. परंतु डुकरापासून थेट माणसाला जडणारा दुसराही एक आजार आहे. त्याची माहिती फार थोड्यांना असते. स्ट्रेप्टोकॉकस सुईस नावाच्या जिवाणूमुळे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते. माणसांतील पहिले रुग्ण १९६८ साली डेन्मार्कमध्ये नोंदले गेले.

मी कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण वस्तीतल्या आजारी माणसाला दवाखान्यात घेऊन जाणे हे माझे नित्याचे काम आहे. मध्यंतरी कचेरीत एक सहकारी म्हणाले, “डुकरे पाळणाऱ्या लोकांमुळेच रोग पसरतात.” ते बोलणे मला झोंबले. म्हणून या आजाराविषयी मिळेल ते वाचून काढले.

२००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात या आजाराचे २१५ रुग्ण आढळले, त्यांपैकी ३८ दगावले. रोग झाला तो प्रामुख्याने आजारी किंवा मेलेली डुकरे कापणाऱ्या, घरी थोडी डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांना. जनावर मेले की पैसा बुडतो. तो सोसायची ऐपत नसली की माणूस धोका पत्करतो. हे आपल्याला परके नाही.

व्हिएतनाममध्ये प्रौढांना जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे हे एक प्रमुख कारण आहे. तिथल्या अभ्यासात धोक्याची तीन कारणे ठळक दिसली: कच्चे रक्त वा कच्चे मांस खाणे, डुकरांशी संबंधित धंदा आणि हातावर जखम असताना मांस हाताळणे. अति दारू, मधुमेह किंवा प्लीहा काढलेली असणे यांनीही धोका वाढतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग सहसा लागत नाही. म्हणजे बोट दाखवायचे तर जखमेकडे आणि कच्च्या मांसाकडे दाखवावे, कुणाच्या जातीकडे वा धंद्याकडे नव्हे.

या रोगातून वाचलेल्या पुष्कळांना कायमचा बहिरेपणा येतो. यंत्रावर काम करणाऱ्याला हाक ऐकू आली नाही, रिक्षावाल्याला मागचा हॉर्न ऐकू आला नाही, तर घरची चूल कशी पेटायची?

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढे करा. मांस आतपर्यंत शिजवा, गुलाबी रंग राहू देऊ नका. हाताला काप असेल तर पट्टी बांधून वर रबरी हातमोजे घाला. काम झाले की हात, सुरी व पाट साबणाने धुवा. वरून धडधाकट दिसणाऱ्या डुकराच्या घशातही हा जिवाणू असतो, हे विसरू नका. मेलेले डुकर कापू नका.

अचानक ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे, बरळणे किंवा एकाएकी कमी ऐकू येणे, अशी लक्षणे दिसताच मोठ्या दवाखान्यात जा. डुकराशी वा मांसाशी संबंध आला असेल तर तो डॉक्टरांना न लाजता सांगा. पाठीतले पाणी तपासायला काढले की माणूस लुळा पडतो, या भीतीने नातेवाईक नकार देतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या पाण्यावरूनच आजाराचे निदान होते. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर जीव वाचतो. आपल्या शेजारी कुणी डुकरे पाळत असेल किंवा मांस विकत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.