पाणी कुठे सोडायचे?

लातूरहून आपांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघे नुकतेच शाळेतून परतलो होतो. "तुम्ही दोघंही शिक्षक आहात. तुमचंच ऐकेल तो. यंदा पुन्हा नीटचा फॉर्म भरायला लावा," आपा म्हणाल्या. भाच्याने दोनदा परीक्षा देऊन डॉक्टरकीचा नाद सोडला होता. नांदेडला येऊन आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स घेतला होता. 'लातूर पॅटर्न'च्या गावात आपांना हे सांगणेही जड जात होते. आणि खरे सांगायचे तर दोन्ही वेळा त्याला फॉर्म भरायला आम्हीच लावले होते.

रविवारी जुहरनंतर आम्ही विष्णुपुरीला गेलो. गोदावरीवरच्या शंकरसागर जलाशयाच्या काठी भाचा एका मच्छीमाराच्या होडीला जुन्या जीपचे डिझेल इंजिन बसवत होता. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभा राहणारा हा मुलगा आज होडीत बसून घामाघूम झाला होता.

"साधी होडी नाही ही, मामू," तो म्हणाला. "पुराच्या धारेविरुद्ध चढली पाहिजे." ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरले, तेव्हा माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली होती. ते त्याच्या मनात बसले होते.

मग त्याने धुराच्या पाइपाकडे बोट दाखवले. जीपच्या सायलेन्सरला रस्त्यावर वारा लागतो. होडीत इंजिन पेटीत कोंडलेले असते. धूर चारशे-पाचशे अंशांनी तापून निघतो. तो कोरडा पाइप लाकडाजवळून किंवा माणसांजवळून नेणे धोक्याचे. म्हणून पंपाने नदीतून ओढलेले पाणी आधी इंजिन थंड करते आणि मग धुराच्याच पाइपात सोडले जाते. धूर एवढा निवतो की पुढे रबरी नळीही चालते, आणि आवाजही कमी होतो.

"मग यात अवघड काय आहे?" मुमानींनी विचारले.

"पाणी कुठे सोडायचं, ते."

पहिल्या वेळी त्याने पाणी इंजिनाला लागूनच, खालच्या बाजूला सोडले होते. एका सकाळी इंजिन सुरू होईना. त्याने पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. प्रत्येक वेळी पंप पाणी पाइपात ढकलत राहिला, आणि ते बाहेर फेकायला धुराचा जोर नव्हता. पाइप भरला, पाणी उलटे फिरून सिलिंडरमध्ये गेले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. साठवलेले सारे पैसे दुरुस्तीत गेले. आम्हाला त्याने यातले काही कळू दिले नव्हते.

आता त्याने पाइप आधी नदीच्या पातळीपेक्षा हातभर उंच नेला होता. तिथून तो उतरत्या बाकाने मागे जात होता, आणि पाणी त्या उंचवट्याच्या पलीकडे, उतारावर सोडले होते. पाणी जास्त झाले तरी धूर अडतो आणि इंजिनाची ताकद घटते, म्हणून निम्मे पाणी वेगळ्या नळीने बाहेर टाकले होते. शर्यतीच्या होड्यांत तर एकात एक असे दोन पाइप वापरतात. आतून कोरडा धूर जातो, बाहेरच्या पोकळीतून पाणी, आणि दोन्ही अगदी टोकाशी भेटतात.

"पाण्याने धूर थंड होतो, पण त्यातला विषारी वायू जात नाही," तो म्हणाला. "कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून तोंड मागेच ठेवायचं, बसणाऱ्यांपासून दूर."

इंजिन सुरू झाले. मागच्या तोंडातून धूर आणि पाणी मिळून ठसक्यासारखे बाहेर पडू लागले. "हात लावा, मामू." आम्ही दोघांनी भीत भीत रबरी नळीवर हात ठेवला. ती कोमट होती. वीतभर अलीकडचे लोखंड मात्र हात भाजेल असे तापलेले होते.

फॉर्मची गोष्ट आमच्या तोंडून निघालीच नाही. अस्रची वेळ झाली. जलाशयाच्या पाण्यानेच वजू करून आम्ही तिघांनी काठावर नमाज पढली. परत येताना बसमध्ये आम्ही बराच वेळ गप्प होतो. सुरू न होणाऱ्या इंजिनाला पुन्हा पुन्हा सेल्फ मारणारे या घरात तो एकटाच नव्हता.

रात्री आपांना फोन केला. म्हटले, "आपा, आता फॉर्मचा विषय नको. पोरगा हुशार आहे, आणि त्याचा हात कामावर बसलाय. चूक आमची होती. दोनदा जबरदस्ती केली."

आपा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जेवतो का वेळेवर?"

पुढच्या रविवारी त्या डबा घेऊन लातूरहून आल्या. आम्ही त्यांना विष्णुपुरीला नेले.