हक्कसोडपत्रात न लिहिलेली अट

रायगडच्या किनारपट्टीवर, विशेषतः मुरूड ते श्रीवर्धन या पट्ट्यातील गावांत, म्हातारपणाची तरतूद म्हणून वेगळे काही करण्याची पद्धत फारशी नव्हती व आजही नाही. घर, घरामागची नारळ-सुपारीची वाडी आणि मुंबईतल्या मुलाकडून महिन्याला येणारा पैसा एवढ्यावर उतारवय निभावेल असे धरून चालले जाते. कर्ती माणसे मुंबईत आणि थकलेली माणसे गावात, ही घडी गिरण्यांच्या काळापासूनची असल्यामुळे तिचे वर्णन करत बसण्याचे कारण नाही. सांगायचे आहे ते हे की, या तीन आधारांपैकी जो आधार वृद्ध स्त्रीच्या कायदेशीर मालकीचा असू शकतो, तो घर-वाडीतला हिस्सा ती बहुधा पतीच्या निधनानंतर वर्षभराच्या आत स्वतःच्या सहीने सोडून देते, आणि ज्या दस्ताने सोडते त्यात तिच्या पुढच्या सांभाळाविषयी एक अक्षर नसते. प्रस्तुत लेखकाच्या मावशीच्या बाबतीत 2019 साली हेच घडले, आणि त्या दस्ताची प्रत हाती आली की लेखकाला आजही संताप आवरत नाही.

पती मृत्युपत्र न करता वारला तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा, मुलगे व मुली हे सारे पहिल्या वर्गातील वारस ठरतात आणि त्यांना समान हिस्सा मिळतो, हे आता गावोगावी ठाऊक आहे. त्यानुसार तलाठी वारसनोंद करतो व सातबाऱ्यावर सर्वांची नावे लागतात. यानंतर जो दस्त होतो त्यास हक्कसोडपत्र म्हणतात: एका किंवा अनेक वारसांनी आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या लाभात, बहुधा कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडून दिल्याचा नोंदणीकृत लेख. वडिलोपार्जित मिळकत जवळच्या नात्यात अशी सोडण्यास त्या वेळी 200 रुपयांचा मुद्रांक पुरत असे. दस्त नोंदला गेला की फेरफार होतो, म्हणजे अधिकार अभिलेखात बदलाची नोंद पडते, आणि सोडणाऱ्यांच्या नावांना सातबाऱ्यावर कंस होतो.

मावशीच्या घरी वारस तिघे होते: ती स्वतः, डोंबिवलीला नोकरी करणारा मुलगा आणि त्याच किनाऱ्यावर दोन गावे पलीकडे दिलेली मुलगी. हक्कसोडपत्र करण्यामागे कोणाचा वाईट हेतू होता असे म्हणता येणार नाही. सातबाऱ्यावर नावे जितकी अधिक तितके प्रत्येक कामासाठी सह्यांचे हेलपाटे अधिक, हा व्यवहारी विचार मुलाने मांडला, तो आईला पटला, आणि भावाच्या वाटेत येणारी बहीण असे नाव नको म्हणून बहिणीनेही मान डोलावली. मात्र प्रत्यक्ष दस्त कसा होतो, याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी दस्तलेखकाच्या टेबलावर नमुना आधीच तयार असतो. त्यात फक्त नावे, गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा भरायच्या असतात. ‘राजीखुशीने’, ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’, ‘यापुढे सदर मिळकतीवर लिहून देणारांचा अगर त्यांच्या वालीवारसांचा कोणताही हक्क राहिला नाही’ ही वाक्ये त्यात ठरलेली असतात. लिहून घेणाराचे सर्व प्रकारचे संरक्षण त्या दोन-तीन पानांत आहे: उद्या कोणी हरकत घेतली तर काय, पूर्वीचा बोजा निघाला तर काय, लिहून देणाराच्या वारसांनी तक्रार केली तर काय, या साऱ्याचा बंदोबस्त तिथे आढळतो. ज्या सत्तरी ओलांडलेल्या बाईने आपली एकमेव स्थावर मिळकत सोडली ती उद्यापासून कोणाच्या घरात राहणार, आजारी पडली तर तिचे कोण करणार, आणि ते कोणी केले नाही तर सोडलेल्या हक्काचे काय होणार, यांविषयी मात्र काहीच नाही. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले ते एवढेच की दस्त समजला का व मान्य आहे का. कायद्याने त्याचे काम ओळख पटवून घेण्याचे व दस्त करून दिल्याची कबुली घेण्याचे असते, तेव्हा दोष त्याच्याकडे जात नाही. दोष त्या नमुन्याचा आहे, आणि तो नमुना वर्षानुवर्षे न बदलता वापरणाऱ्या साऱ्यांचा आहे. मावशीने मान हलवली, अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटला, छायाचित्र निघाले आणि तिघेही दुपारच्या एसटीने परतली.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी सुपारी उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षे लागतात, नारळालाही जातीनुसार कमी-अधिक वर्षे जातात; त्यामुळे साठी-सत्तरीतल्या वाडीमालकाचे ते नुकसान त्याच्या हयातीत भरून येण्यासारखे नसते. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी 50 हजार रुपयांची मदत जाहीर केली तेव्हा बागा हेक्टरात मोजणाऱ्यांचा हिशेब गुंठ्यात जगणाऱ्यांना लागू झाला, कारण दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाच हजारांच्या आसपास रक्कम येते. ती रक्कमही मावशीच्या खात्यात आली नाही. वाडीत उभी राहून पंचनाम्याच्या वेळी पडलेली झाडे तिने मोजून दिली होती, शिंपणे, सोलणे, सुपारी वाळवणे हे तिनेच जन्मभर केले होते. परंतु सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस झालेला होता आणि मदत खातेदाराला मिळते. मुलाने पैसे आईला पाठवून दिले, हे नमूद केले पाहिजे. तरीही, आपल्याच वाडीच्या नुकसानीची भरपाई मुलाने पाठवली तर आपल्याला मिळणार, ही स्थिती त्या दिवशी तिच्या प्रथम ध्यानात आली.

पुढे ती मागील दारी पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा स्वतंत्रपणे चालू शकली नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, नवराबायको दोघेही नोकरीला जात असताना, अंथरुणाला खिळलेले माणूस ठेवणे शक्य नाही असे मुलाने सांगितले, आणि ते खोटे नव्हते. शहरात एजन्सीमार्फत मिळणारी रुग्णसेविका किनाऱ्यावरच्या गावात राहायला येत नाही, आली तर टिकत नाही. शेवटी मुलीने आईला आपल्या घरी आणले. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांसाठी ती घरगुती खानावळ चालवत असे. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी सांभाळणे, डायपर, भरवणे, रात्रीची जाग, यांत खानावळ आधी आठवड्याआड गेली व मग बंद पडली. भाऊ औषधांचे पैसे नियमाने पाठवतो. बहिणीच्या बुडालेल्या उत्पन्नाचा आणि श्रमाचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत नाही, कारण मुलीने आईचे केले त्याला या समाजात खर्च म्हणत नाहीत.

वस्तुतः कायद्याने या प्रसंगाचा विचार केलेला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 मधील कलम 23 असे सांगते की, साठ वर्षांवरील व्यक्तीने आपल्या मूलभूत गरजा व सुविधा पुरवल्या जातील या अटीवर मिळकत बक्षीस म्हणून वा अन्य रीतीने हस्तांतरित केली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण कपटाने वा दडपणाने झाले असे मानून निर्वाह न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याकडे असते. सारा भार ‘या अटीवर’ एवढ्या शब्दांवर आहे. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये, अशी अट असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून कलम 23 लागू होत नाही असा निर्णय दिला, आणि त्या प्रकरणातला दस्तही हक्कसोडपत्रच होता. पुढे 2 जानेवारी 2025 रोजी उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे असे म्हणून मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. परंतु तिथे सांभाळ करण्याचे मुलाने लिहून दिलेले वचनपत्र आईच्या हाती होते. मावशीच्या हाती तसे काहीच नाही.

राहिला निर्वाहखर्चाचा अर्ज. तो मिळकतीशी निगडित नसून मुलांच्या कर्तव्यावर आधारलेला असल्यामुळे केव्हाही करता येतो, आणि 2007 च्या कायद्यात त्याची मर्यादा महिना 10,000 रुपये ठेवलेली आहे. पण त्या अर्जात मुलगा बहिणीलाही पक्षकार करू शकतो, कारण कायद्याच्या लेखी अपत्य म्हणजे मुलगा व मुलगी दोघेही. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच विजया अरबट प्रकरणात, तेही महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाच्या संदर्भात, ठरवून दिले आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. मात्र मिळकत सोडताना मुलगी परक्या घरची आणि जबाबदारी वाटताना मुलगी घरची, अशी रूढी व कायदा यांची जी सांगड इथे बसते, ती या बहिणीच्या बाबतीत पाहवत नाही.

मावशी अर्ज करायला तयार नाही. तिला हे सारे समजावून सांगितले असता, आपल्या मुलाला प्रांतासमोर उभे करण्यापेक्षा आपण अशाच गेलेल्या बऱ्या, असे ती म्हणाली. लेखकाचे मत असे होते, आणि पुष्कळ अंशी अजूनही आहे, की सांभाळाची अट लिहिणे हा मुलांवरचा अविश्वास नसून दोन्ही पक्षांची सोय आहे, आणि निदान ‘लिहून देणार हिला सदर घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील व तिच्या अन्न, औषध व शुश्रूषेचा खर्च लिहून घेणार करील, तसे न केल्यास हा दस्त रद्द होण्यास पात्र राहील’ एवढे वाक्य प्रत्येक हक्कसोडपत्रात व बक्षीसपत्रात असलेच पाहिजे. त्याहूनही बरे म्हणजे हयातीत काही सोडूच नये आणि मृत्युपत्र करावे. ते हवे तेव्हा बदलता येते व मृत्यूनंतरच अमलात येते. तरी मावशीच्या घरातली स्थिती जवळून पाहिल्यावर या मताची धार थोडी बोथट होते. अट लिहिलेली असती तर वाडीतला हिस्सा तिच्या नावावर परत येऊ शकला असता. रात्री दोन वाजता कूस बदलायला मुलगीच उठली असती. दस्ताने पैसा व छप्पर मिळते, माणूस मिळत नाही, आणि माणसाची तजवीज शासनाने, ग्रामपंचायतीने किंवा भावकीने कोणीही केलेली नाही. कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, परंतु घरीच राहू इच्छिणाऱ्या, उठता न येणाऱ्या वृद्धेकडे दिवसातून दोनदा येणारी प्रशिक्षित बाई ही त्याहून अधिक निकडीची गरज आहे, आणि किनाऱ्यावरच्या गावांतून अशा बायका तयार करणे अवघड नाही. त्यांना नियमित वेतन देण्याची तयारी मात्र लागेल.

सध्या वाडीला चांगला भाव सांगितला जात आहे आणि मुलगा विकण्याच्या विचारात आहे. येणाऱ्या पैशातून आईच्या नावे मुदत ठेव करावी, तिचे व्याज शुश्रूषेला लागावे आणि मागे उरेल ते बहिणीला मिळावे, असे लेखकाने त्याला सुचवले. ठेवीला तो कबूल झाला, बहिणीच्या नावाला अद्याप झालेला नाही.